आधी फॉर्म, मग चावी: गोव्यात खोली भाड्यानं देणाऱ्यांसाठी

भाडेकरूच्या पडताळणीचा फॉर्म तो खोलीत शिरायच्या आधी भरून घ्यायचा. सामान लागलं, गॅस पेटला, पोरांची शाळा सुरू झाली की 'बाय, फाल्यां दितां', म्हणजे उद्या देतो, सुरू होतं आणि ते फाल्यां काही उजाडत नाही. मग पोलीस घरोघर फिरायला लागले की सगळा वाडा झेरॉक्सच्या दुकानासमोर उभा. वरातीमागून घोडं.

करासवाड्याला आमच्या घरामागे खोल्यांची एक ओळ आहे. म्हापसा आणि तिवीच्या औद्योगिक वसाहती जवळ, त्यामुळे खोली रिकामी राहत नाही. कारखान्यातले कामगार, इस्पितळातल्या नर्सेस, हॉटेलात किचनला असलेली पोरं, असे लोक येतात. मी काही वर्षं पंच होते, त्यामुळे अजूनही कुणी नवा भाडेकरू ठेवला की फॉर्म घेऊन माझ्याच बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, येऊन बसतो. त्यांना जे सांगते ते इथे लिहिते आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघायचा, 144 कलमाखाली. तो दोन महिन्यांपुरता असायचा, संपला की पुन्हा निघायचा, आणि आदेश चालू आहे की नाही हे मालकाला तर सोडाच, कधी कधी हवालदारालाही ठाऊक नसायचं. तेच कलम आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 163 झालंय. पण गोव्यानं आता भाडेकरूंच्या सक्तीच्या पडताळणीचा स्वतंत्र कायदाच केला आहे. माहिती न देणाऱ्या मालकाला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. दंड मालकाला, भाडेकरूला नाही, हे लक्षात घ्या. ब्रोकर 'ते मी बघतो' म्हणाला आणि त्यानं बघितलं नाही, तर नोटीस तुमच्या नावानं येते.

दंडापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे यूएपीए म्हणतात, तो मूळचा 1967 चा. त्याच्या 19व्या कलमात दहशतवाद्याला जाणूनबुजून आसरा देणाऱ्याला किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पती किंवा पत्नीनं आसरा दिला तर ते कलम लागत नाही. घरमालकाला अशी सूट नाही. 'जाणूनबुजून' हा शब्द तिथे आहे म्हणून साध्या माणसाला घाबरायचं कारण नाही. पण आपण जाणून नव्हतो हे दाखवायची वेळ आली, तर ठाण्याचा शिक्का असलेली पोच हातात असणं आणि 'साहेब, चेहऱ्यावरून बरा वाटला' असं सांगणं यात फार फरक पडतो.

फॉर्म कसा भरायचा

फॉर्म गोवा पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो, ठाण्यातही मिळतो. द्यायचा तो ज्या ठाण्याच्या हद्दीत खोली आहे तिथे. तुम्ही राहता त्या ठाण्यात नाही. पर्वरीत राहणाऱ्याची खोली हणजुण्याला असेल तर त्यानं हणजुण्याचं ठाणं गाठायचं. दोन प्रती करा. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही.

फॉर्म भाडेकरूच्या हातात देऊन 'भरून आण' म्हणू नका. समोर बसवा, पाणी द्या, आणि तुम्ही स्वतः विचारून लिहा. माझ्याकडे कोप्पळची एक नर्स आली तेव्हाचं सांगते. नाव, वय, इस्पितळाचं नाव झालं. कायमचा पत्ता आला तिथे तिनं नुसतं 'कोप्पळ, कर्नाटक' सांगितलं. तालुका कुठला? गाव कुठलं? गावाला ठाणं कुठलं लागतं? तिला ठाणं ठाऊक नव्हतं. बहुतेकांना नसतंच, सरळमार्गी माणसाला ठाण्याशी काय काम? मी म्हटलं, घरी फोन लाव. तिनं वडिलांना लावला, स्पीकरवर. त्यांनी ठाण्याचं नाव सांगितलं, आणि मोडक्या हिंदीत मलाच चार प्रश्न विचारले: खोलीला आतून कडी आहे का, पाणी किती वाजता येतं, मालकीण तिथेच राहते का. त्या एका फोनमध्ये तीन कामं झाली. पत्ता पक्का झाला, घरच्यांचा चालू नंबर मिळाला, आणि मुलगी कुठे राहते हे घरच्यांना कळलं.

ठाण्याचं नाव लिहिणं महत्त्वाचं यासाठी की इथले पोलीस ती माहिती पडताळायला तिकडच्याच ठाण्याला पाठवतात. ते नाव नसेल तर कागद जिल्ह्याच्या मुख्यालयात पडून राहतो. बिहार, झारखंड, ओडिशाकडच्या आधार कार्डांवर पत्त्यातच 'थाना' लिहिलेलं बऱ्याचदा सापडतं. आधी तिथे बघा.

आधारची झेरॉक्स घेऊन समाधान मानू नका. मूळ कार्ड हातात घ्या. त्यावर जो क्यूआर कोड असतो तो आधारच्या अधिकृत ॲपमधून स्कॅन केला की नाव आणि फोटो मोबाइलवर दिसतो. कार्डावरचा फोटो, मोबाइलमधला फोटो आणि समोर बसलेला माणूस, तिन्ही एकच आहेत ना ते बघा. मिनिटभराचं काम आहे, पण कुणी करत नाही. नकली कार्डावर छापील मजकूर हुबेहूब असू शकतो, कोड मात्र बोलत नाही किंवा भलत्याच माणसाचं नाव सांगतो. झेरॉक्स घेताना आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत चालते, तीच मागा. आणि मूळ कार्ड, पासपोर्ट, शाळेचा दाखला वगैरे 'डिपॉझिट' म्हणून कपाटात ठेवून घेणारे मालक आहेत. ते करू नका, त्याचा तुम्हाला अधिकार नाही.

याशिवाय घ्यायचं ते: नोकरीचं पत्र किंवा कंपनीचं ओळखपत्र, आधीच्या मालकाचा फोन नंबर, गाडी असेल तर नंबर, आणि तुमच्या मोबाइलनं तुमच्या पायरीवर काढलेला फोटो. पासपोर्ट आकाराचे फोटो लोक दहा वर्षांपूर्वीचे चिकटवतात.

राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाचा फॉर्म वेगळा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. कॉन्ट्रॅक्टर येतो, स्वतःच्या नावानं खोली घेतो, ॲडव्हान्स रोख देतो, आणि आत सहा-सात जण राहायला येतात. महिन्यानं त्यातले दोन जातात, तिसरेच दोन येतात. कॉन्ट्रॅक्टरचा फॉर्म म्हणजे त्या खोलीचा फॉर्म नव्हे. करारातच लिहून घ्या की नवा माणूस आला तर आधी मालकाला सांगायचं, आणि मालकाला न सांगता दुसऱ्याला ठेवायचं नाही. मी तर खोलीचं भाडं घ्यायला स्वतः जाते, गूगल पे असूनही. आत किती गाद्या आहेत ते तेवढ्यात दिसतं.

फॉर्म ठाण्यात घेतात पण पोच द्यायला का-कू करतात, असा अनुभव मलाही एका ठाण्यात आला. 'ठेवून जा, मोठे साहेब नाहीत.' भांडण्यात अर्थ नसतो. घरी आले, सगळी कागदपत्रं एका पत्राला जोडली आणि स्पीड पोस्टानं त्याच ठाण्याच्या निरीक्षकांच्या नावानं पाठवली. टपालाची पावती आणि पोचल्याची नोंद, दोन्ही फाइलला लावली. पुढच्या वेळी शिक्का मुकाट्यानं मिळाला.

सगळ्यांचा फॉर्म, एकसारखा

काही मालक फक्त 'तसल्या' नावांचे फॉर्म भरतात. ओळखीतला, आपल्या जातीचा, कुडाळ-सावंतवाडीकडचा असला की 'आपलाच माणूस' म्हणून चावी देतात. हे चूक तर आहेच, शिवाय मूर्खपणाचंही आहे. 16 ऑक्टोबर 2009 ची नरकासुराची रात्र, म्हणजे दिवाळीच्या आदली रात्र, मडगावकर विसरलेले नाहीत. स्कूटरवरून नेत असलेला बॉम्ब फुटला आणि नेणारे दोघेही मेले. ते काही सातासमुद्रापलीकडून आलेले नव्हते. ते प्रकरण नव्यानं उभ्या राहिलेल्या एनआयएच्या, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, सुरुवातीच्या तपासांपैकी एक. पुढे खटल्यातले आरोपी विशेष न्यायालयात निर्दोष सुटले, हेही तितकंच खरं.

आडनाव बघून खोली नाकारणाऱ्या मालकाला वाटतं आपण सुरक्षेचं काम केलं. प्रत्यक्षात तो माणूस जातो आणि जो कागद मागत नाही अशा मालकाकडे राहतो. म्हणजे नोंद व्हायची ती झाली नाही. सगळ्यांना एकच फॉर्म, एकच नियम ठेवला की कुणाचा अपमान होत नाही आणि तुम्हालाही कुणाच्या चेहऱ्याचा अभ्यास करत बसावं लागत नाही.

आणखी एक. वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाडेकरूंचे फोटो आणि आधार टाकायची जी फॅशन निघाली आहे ती ताबडतोब बंद करा. 'सावध राहा, संशयित इसम' म्हणून फिरलेला फोटो उद्या एखाद्या निरपराध फेरीवाल्याच्या अंगाशी येतो. साप समजून भुई धोपटायची, आणि भुईच्या जागी माणूस. कागद ठाण्यात द्या आणि तुमच्या कपाटात ठेवा. तिसरी जागा नाही.

परदेशी पाहुणा असेल तर

माझी जाऊ मांद्र्याला राहते. तिचं होमस्टे आहे, म्हणून हे तिच्याकडून शिकलेलं. होमस्टे, गेस्टहाउस चालवायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी हवी, 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली. त्यानंतर परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे एफआरआरओच्या संकेतस्थळावर जागेचं खातं उघडायचं. पाहुणा आल्यापासून 24 तासांच्या आत त्याची माहिती तिथे भरायची. लोक अजून याला सी-फॉर्मच म्हणतात. 1946 चा परदेशी नागरिक कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन कायदा आला, तरी कळवायची जबाबदारी जागा देणाऱ्याचीच राहिली आहे.

भाडं घेतलं नाही म्हणून सुटका नाही. घरात मित्र म्हणून ठेवलेला परदेशीही कळवावा लागतो. आणि गोव्यात एक गंमत आहे. लिस्बनहून मे महिन्यात आंबे खायला आलेला तुमचा सख्खा चुलतभाऊ, पोर्तुगीज पासपोर्टवर असेल तर, कायद्याच्या नजरेत परदेशीच.

फॉर्म भरताना पासपोर्टचं पान आणि व्हिसा, दोन्हींचे फोटो स्वतः काढा. व्हिसा कुठला आहे आणि कधी संपतो ते डायरीत लिहा. जाऊ तर भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला खूण करते आणि आठवडाभर आधी पाहुण्याला आठवण देते. कुठून आला आणि पुढे कुठे जाणार हे रकाने लोक 'इंडिया' लिहून मोकळे होतात. तिथे गावाचं आणि जागेचं नाव हवं.

'असल्या फॉर्मनं अतिरेकी पकडले जातात का?' असं जाऊच्या नवऱ्यानं एकदा मला विचारलं. नाही, तसे पकडले जात नाहीत. मुंबई हल्ल्याची रेकी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकन पासपोर्टवर राजरोस येत होता. 2006 मध्ये त्यानं मूळचं दाऊद गिलानी हे नाव बदलून घेतलं होतं, ते याचसाठी. हल्ल्यानंतर 2009 च्या मार्चमध्ये तो पुन्हा आला आणि वेगवेगळ्या शहरांतल्या ज्यूंच्या छाबाड हाउसांची पाहणी करून गेला. कुणी अडवलं नाही. पण ऑक्टोबर 2009 मध्ये तो शिकागोला पकडला गेला, तेव्हा आपल्या यंत्रणांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर हॉटेलांची रजिस्टरं उघडली. कुठे राहिला, किती दिवस, पुढे कुठे गेला. ज्या मालकानं नीट लिहिलं होतं त्याच्या वहीचा उपयोग झाला. फॉर्मचं काम तेवढंच आणि ते पुरेसं आहे.

सिम कार्ड आणि वायफाय

भाडेकरू नवा असला की मालकाला गळ घालतो: माझा इथला पत्ता नाही, तुमच्या नावावर सिम घेऊन द्या, वायफाय घेऊन द्या. वायफायचं एकवेळ चालेल, तेही पासवर्ड बदलत राहून. सिम मात्र कुणालाही नाही. तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते संचार साथी संकेतस्थळावर फुकट दिसतं. आपल्याकडे एका माणसाला जास्तीत जास्त 9. आमच्या वाड्यावरच्या एका आजोबांच्या नावावर त्यांनी कधी न घेतलेला एक नंबर निघाला. तिथेच 'हा माझा नाही' म्हणून कळवता येतं. आजच बघा, पाच मिनिटं लागतात.

घरातलंच पोर कट्टरतेकडे वाहवत चाललं असेल तर

भाडेकरूबद्दल लोक मोकळेपणी विचारतात. हे मात्र दबक्या आवाजात, सगळे गेल्यावर विचारतात.

आधी काय लक्षण नाही ते सांगते. दाढी वाढवली, टिळा लावायला लागला, अचानक उपवास धरला, नमाज चुकवत नाही, प्रेयर ग्रुपला जायला लागला: यातलं काहीही लक्षण नाही. धर्माकडे वळणं हा गुन्हा नाही आणि आजारही नाही. सरकारवर रागावणं तर नाहीच, नाहीतर निम्मं गोवा आत गेलं असतं.

बघायचं ते वेगळं. अमक्यांना मारलंच पाहिजे, ते माणसंच नाहीत, हे बोलणं वरचेवर यायला लागलं आणि त्यात गंमत राहिली नाही. जुने मित्र तोडले आणि कधी न भेटलेल्या कुणाचं तरी नाव सारखं तोंडात. दुसरा फोन, जो घरात कुणी बघायचा नाही. आपोआप पुसल्या जाणाऱ्या चॅटचे ग्रुप. कारण न सांगता पैसे येणं किंवा जाणं. प्रवासाची तयारी आणि ठिकाणाबद्दल थापा. 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर बगदादला गेले आणि तिथून आयसिसकडे वळले. शिकलेली पोरं होती. त्यातला एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत आला, तो थेट एनआयएच्या ताब्यात.

त्यानंतर धोरणात थोडा फरक पडला. महाराष्ट्राच्या एटीएसनं, म्हणजे दहशतवादविरोधी पथकानं, अशा वाटेवर असलेल्या तरुणांना सरळ आत टाकण्याऐवजी घरच्यांना, धर्मगुरूंना आणि समुपदेशकांना बरोबर घेऊन परत आणायचं काम हाती घेतलं. केंद्रीय गृहखात्यानं 2017 मध्ये दहशतवादाबरोबर कट्टरतेला तोंड देण्यासाठी वेगळा विभाग केला. माझं मत विचाराल तर आपल्याकडे या दुसऱ्या भागाकडे अजून कमीच लक्ष आहे. अटकेचे आकडे पेपरात येतात, परत आलेल्या पोराची बातमी होत नाही. व्हायलाही नको म्हणा, त्याला जगायचं असतं.

घरात करायचं काय? फोन हिसकावून आपटू नका. तो दुसरा घेतो आणि तुम्हाला दिसत होतं तेही दिसेनासं होतं. वाद घालून हरवायचा प्रयत्नही नको. त्याच्या मनात ज्याच्याबद्दल मान उरला आहे असा माणूस शोधा: मामा, फुटबॉलचे कोच, शाळेतले जुने सर, मशिदीतले मौलाना, चर्चचे पाद्री, देवळातले भटजी. त्यांना सगळं खरं सांगा आणि बोलायला लावा. बोलणं तुटलं असेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र फुकट चालतो. तिथे मानसिक त्रासाबद्दल बोलता येतं, नाव लपवायची गरज नाही की लाज वाटायची नाही.

पोलिसांकडे कधी जायचं? हत्यार, स्फोटकं, ठरलेला दिवस, ठरलेली जागा किंवा घर सोडून जायची तयारी, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी. उद्या नाही. जाताना एकट्यानं जाऊ नका, ओळखीचा वकील बरोबर असू द्या, आणि हवालदाराला टेबलावर सांगत बसू नका, निरीक्षकांना भेटा. तोंडी सांगितलेलं लेखी द्या. यूएपीएखाली आरोपपत्रासाठी 180 दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते आणि जामीन फार कठीण असतो. पोर आतपर्यंत पोचायच्या आधी हालचाल करायची ती याचसाठी.

फोनमध्ये हिंसेचा व्हिडिओ किंवा भरतीची लिंक आली, तर 'बघा काय चाललंय' म्हणून पुढे ढकलू नका. पुढे पाठवणारा तुम्हीच ठरता. लिंक, नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. तिथली तक्रार-पावती जपा. मजकूर बंद करायचा अधिकार सरकारला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 69-अ कलमाखाली आहे.

बेवारस पिशवी दिसली तर हात लावायचा नाही, लोकांना लांब करायचं आणि लांब जाऊन 112 फिरवायचा. समुद्राकडे राहणाऱ्यांनी 1093 पण लिहून ठेवा, तो किनारी पोलिसांचा. ओळखीचा नसलेला ट्रॉलर रात्री उगाच घुटमळताना दिसला तर शापोऱ्याचा रापणकार, म्हणजे जाळं ओढणारा मच्छीमार, कंट्रोल रूमपेक्षा आधी ओळखतो, पण त्यानं फोन केला तर.

खोली सोडताना

येतानाचा फॉर्म सगळे भरतात, जातानाचं कुणी कळवत नाही. मग दोन वर्षांनी पोलीस दारात येतात आणि कागदावर अजून तोच भाडेकरू. चावी परत घेतली त्याच दिवशी एका ओळीचं पत्र ठाण्यात द्या: अमुक तारखेला खोली सोडली, पुढचा पत्ता असा सांगितला, चालू नंबर हा. कुलूप बदला. खोली झाडायच्या आधी स्वतः एकदा आतून बघा, माळ्यावर आणि पलंगाखाली सुद्धा. फाइल फेकू नका.

आणि त्याच्या नावानं नंतर पार्सल आलं, तर शेजारधर्म म्हणून सही करून घ्यायचं नाही. 'इथे राहत नाही' म्हणून परत पाठवायचं. बँकेची पाकिटं, एटीएम कार्डंही तशीच.